पेशवेकालीन अन्नपूर्णेची गोष्ट (माझा अनुभव)

ताई कॅनडाहून आलेली, जाताना आईची पितळी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घेऊन जायचं ठरलं, तिच्या लग्नाच्या गडबडीत द्यायचं राहूनच गेलं होतं. आमच्याकडे सगळे अन्नपूर्णेला पेशवेकालीन म्हणतात, कोणी ठरवलं देव जाणे, आजोबा दर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायचे एवढंच मला माहितीये.

एक कुरिअरवाला म्हणाला, ब्रास शोपीस लिहा न द्या पाठवून, कोण बघतंय. इथेच माझी सटकली. 1972 चा पुरावशेष कायदा आहे ना, 1976 पासून लागू झालेला, शंभर वर्षांवरची मूर्ती आपण देशाबाहेर नेऊच शकत नाही, पकडलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याचं नॉन-अँटिक्विटी सर्टिफिकेट घ्यायचं, मग बिनघोर.

मग काय, अर्ज, दोन्ही मूर्तींचे सगळ्या बाजूंनी फोटो, मापं, वजन (किचनच्या काट्यावर केलं), आणि तारीख मिळाल्यावर पहाटेची ट्रेन पकडून सायनच्या किल्ल्यावरचं ऑफिस. मूर्ती आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेल्या.

तिथल्या मॅडमनी अन्नपूर्णा उलटी केली, हातातली पळी हलकेच फिरवली तर ती चक्क निघाली, आत आटे! "अहो, ही मशीनची आहे, साठ-सत्तर वर्षं फार तर." पेशवाई तिथेच संपली. बाळकृष्ण मात्र त्या बराच वेळ भिंगाखाली बघत बसल्या, नाकडोळे रोज घासून पार सपाट झालेले, आम्ही त्याला कधी हिशेबातच धरलं नव्हतं. तो जुना निघाला, त्याला सर्टिफिकेट नाही.

आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे सरकार नेणार का आता?" नाही गं आई, घरात ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त शंभरीच्या वरच्या धातूच्या मूर्तीची नोंदणी करावी लागते, मालकी आपलीच, उद्या कोणाला दिली तर मात्र कळवायचं. त्या नोंदणीसाठी बाळकृष्णाचे फोटो परवाच काढले.

अन्नपूर्णा सर्टिफिकेटसकट टोरांटोला पोचली. ताई अजून फोनवर ऐकवते, "शोपीस मला आणि खरा देव तुला होय रे!"