१ टक्का मोठा की ०.०२५?

औषधाच्या दुकानात त्वचेच्या तक्रारी मोबाइलवर येतात. ट्यूबचा फोटो दाखवायचा आणि म्हणायचं, "हे द्या." त्या संध्याकाळी आलेल्या मुलीनं ट्यूबच काउंटरवर ठेवली. "मॅडम, यावर लावायला एखादं साधं क्रीम द्या ना." स्कार्फ खाली केला तर नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे लालबुंद, हनुवटीवर पापुद्रे. सोबत सासूबाई, त्यांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी.

ट्यूब ट्रेटिनॉइन या मुरुमांवरच्या औषधाची, ०.०२५ टक्के. आधी १ टक्का रेटिनॉलचं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचं, सीरम ती ऑनलाइन मागवून लावत होती, त्याचा काही त्रास झाला नव्हता. मग मैत्रिणीनं ही ट्यूब सुचवली आणि एका दुकानानं चिठ्ठी न मागता दिलीही. तिनं मनाशी हिशेब केला: १ टक्का सोसलं, हे तर त्याच्या चाळीसाव्या हिश्शाचं. म्हणून रोज रात्री, पेराएवढं, तोंड धुतल्या धुतल्या ओल्या चेहऱ्यावर.

भागाकार बरोबर होता, पण ही दोन औषधंच वेगळी. रेटिनॉलचं त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनॉइक आम्ल, आणि काम करतं ते हे आम्ल. या दोन पायऱ्यांत फार थोडं हाती लागतं. शिवाय हवा आणि उजेड लागून बाटलीतलं रेटिनॉलही कमी होत जातं. ट्रेटिनॉइन म्हणजे तयार रेटिनॉइक आम्लच. टक्क्यांची तुलना करायची ती ट्रेटिनॉइनच्याच ०.०२५ आणि ०.०५ मध्ये. मुरुमांवरचंच ॲडापलीन, ०.१ टक्का, आणखी निराळं. अमेरिकेत ते २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, आपल्याकडे चिठ्ठी लागते.

ट्रेटिनॉइन सुरू करताना संपूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढं पुरतं. तोंड धुऊन, कोरडं करून वीसेक मिनिटं थांबायचं. नाकाच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांना आधी व्हॅसलीन. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, सकाळी सनस्क्रीन. सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश तेवढे दिवस बाजूला. मुरुमांवरचंच दुसरं औषध, बेन्झॉइल पेरॉक्साइड, त्याच वेळी लावलं तर साधं ट्रेटिनॉइन निकामी होतं, ॲडापलीन टिकतं. मुरुमं आधी थोडी वाढतातही, फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात.

हे सगळं सासूबाईंसमोर बोलता येत होतं. खरा प्रश्न विचारता येत नव्हता. त्यांना गोळ्यांची तारीख तपासायला पलीकडच्या काउंटरवर पाठवलं आणि हळूच विचारलं, "बाळाचा विचार चालू आहे का?" तिनं मान डोलावली. मग ट्यूब बंद, आणि नव्यानं मागवलेलं सीरमही उघडायचं नाही. दिवस राहण्याच्या बेतात असताना रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, तिन्ही टाळायला सांगतात. बिनवासाचं मॉइश्चरायझर दिलं, मुरुमांसाठी दुसरं काय चालेल ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं.

ट्यूबवर लाल चौकटीत शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी, सूचना ठळक छापलेली होती. चिठ्ठी मागितली असती, तर हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत, दार लावून विचारला गेला असता. सीरमला तर चिठ्ठीच लागत नाही. तिथे तो कुणी विचारायचा?