२८ चा ड्रायव्हर अखेर सुटला

अलिकॉट मालिकेत प्रत्येक संख्येनंतर तिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज येते; अशी प्रत्येक संख्या म्हणजे एक ओळ, आणि पुढे जाण्यासाठी तिचे अवयव पाडावे लागतात. मागच्या नोंदीत अडकलेली ओळ फुटली असून, मालिकेच्या मानगुटीवर बसलेला २८ चा ड्रायव्हर, म्हणजे ओळीमागून ओळीत टिकून मालिका वाढवत नेणारा अवयवांचा गट, उतरला आहे. २८ ही परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज विभाजकांची बेरीज तितकीच) असल्यामुळे ४ आणि ७ एकत्र आले की पुढची प्रत्येक अलिकॉट ओळ मोठीच होत जाते, आणि ७ चा घातांक विषम असेपर्यंत सुटकेला वाव नसतो. या वेळी ७ चा वर्ग आला आणि ओळ ४ × ४९ × एक ११४ अंकी संयुक्त संख्या अशी उभी राहिली.

त्या संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरत होती. बाकी ३ असती आणि मूळ अवयव दोनच निघाले असते, तर ड्रायव्हर हमखास टिकला असता. बाकी १ असताना मात्र दोन्ही अवयव १ बाकीचे आहेत की दोन्ही ३ बाकीचे, यावर सगळे अवलंबून होते. लहान संख्यांवर हा फरक स्वच्छ दिसतो. १२७४० म्हणजे ४ × ४९ × ५ × १३. तिची पुढची ओळ २०७७६, म्हणजे ८ × ४९ × ५३, आणि ड्रायव्हर गेला. उलट ६४६८ म्हणजे ४ × ४९ × ३ × ११. तिच्यापुढे १२६८४, म्हणजे ४ × ३ × ७ × १५१ येते आणि ड्रायव्हर जिथल्या तिथे राहतो.

ईसीएमने, म्हणजे तुलनेने लहान अवयव शोधणाऱ्या पद्धतीने, बी-वन ही तिची शोधमर्यादा ३० लाखांपर्यंत नेऊनही काही हाती लागले नाही, तेव्हा मोठ्या संख्या फोडणाऱ्या काडो-एनएफएस या प्रोग्रॅमकडे वळावे लागले. नागपूरच्या मे महिन्यात त्याचा चाळणीचा, म्हणजे अवयवांकडे नेणाऱ्या संख्या वेचण्याचा, टप्पा चालवणे हा वेगळाच छळ आहे: प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवतो, आणि कूलर जवळ आणावा तर त्याची ओल यंत्राला नको असते. शेवटी चाळणी रात्रीपुरतीच ठेवली. वीज गेल्यावरही काम जिथे थांबले तिथून पुढे नेता येते, यासाठी काडोला शंभर गुण. ९५ अंकांच्या आत मात्र याफू या अवयव पाडणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमइतके सोयीचे काही नाही.

निघालेले अवयव ५१ आणि ६४ अंकी असून दोन्ही १ बाकीचे आहेत. नवी ओळ ८ × ७ ने सुरू होते आणि तिच्यात ३ नाही, ५ही नाही. ३ येणारच नव्हता, कारण ४९ च्या विभाजकांची बेरीज ५७ असल्याने एकूण बेरजेला ३ ने भाग जातो, मूळ संख्येला मात्र जात नाही. याच न्यायाने, ८ च्या विभाजकांची बेरीज १५ असल्यामुळे, ८ चा घटक नेमका टिकेल तोवर ३ आणि ५ आत शिरू शकत नाहीत. ७ ला धरून ठेवणारे मात्र आता कोणी उरलेले नाही.

सीताबर्डीवरून आणखी एक जुने यंत्र घ्यायचे ठरवले होते. पण हे लिहीत असतानाच पुढची ओळ आली आणि तिच्यात ७ नाही. दुसरा लहान अवयव निघाला नाही, तर त्यापुढची ओळ प्रथमच लहान होईल. यंत्राची खरेदी त्यामुळे पुढे ढकलली आहे. या ओळीचा १०१ अंकी भाग अजून अखंड असून त्यावर आज रात्री ईसीएम चालेल.