तुम्ही विचारलंत म्हणून: दहावं गाणं

सिल्व्हरचेअर हा ऑस्ट्रेलियन रॉक बँड आवडतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग निऑन बॉलरूमसारखा अल्बम सोडून फ्रीक शो काय धरून बसलीयेस?’ परवा पुन्हा एकाने विचारलं आणि मी पुन्हा ‘शाळेतली आठवण’ म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगून टाकते.

हो, निऑन बॉलरूम, त्यांचा तिसरा अल्बम, चांगला आहे. त्यात पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉटचा पियानो, सगळं मान्य. दुसरा, म्हणजे फ्रीक शो, कच्चा आहे, हेही मान्य. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलची तीन पोरं, शाळा संपायची होती आणि पहिल्याच अल्बमने त्यांना जगभर फिरवलेलं. निक लॉनेसारखा निर्माता असूनही काही गाणी नुसती आदळआपट वाटतात. पण सतरा वर्षांचा पोरगा वैतागला तर गाणं वैतागलेलंच निघणार ना? असो, मी पुन्हा वकिली करायला लागले.

१९९७ साली आम्हाला पुण्याहून सिडनीला येऊन दोन वर्षं झाली होती. मी पंधराची. फ्रीक शोची सीडी मी पॉकेटमनी साठवून घेतली. तेरा गाणी, त्यातलं दहावं ‘पेट्रोल अँड क्लोरीन’. त्यात सतार आणि तबला! मी धावत जाऊन बाबांना ऐकवलं. बाबा हौशी तबलजी. इथे आल्यापासून तबला कपाटावर, गवसणीत. ते जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवत शेवटपर्यंत ऐकत बसले. ‘पुन्हा लाव,’ म्हणाले. मग हसून, ‘तुझ्या मैत्रिणींनाही ऐकव गं.’

त्याच शनिवारी एका मैत्रिणीकडे आम्ही पाच-सहा जणी. सीडी माझीच. ‘फ्रीक’ला सगळ्या उड्या मारत होत्या, ‘सेमेटरी’ला एकजण रडायच्या बेतात. आणि दहावं सुरू झालं. सतारीचे दोन-चार सूर आले असतील. कुणी काही वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. एकीने फक्त माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावून, हात नाचवून दाखवला. बाकीच्या हसल्या. मीही हसले. उठले, बटण दाबलं, अकरावं लागलं. ‘हे एकच बोअर आहे,’ मी म्हटलं.

घरी बाबांनी विचारलं, ‘आवडलं का त्यांना?’

‘खूप,’ मी म्हटलं. त्या रात्री बाबांनी कपाटावरचा तबला खाली काढला.

पंधरा वर्षांची पोर, किती शरम धरायची, असं मी स्वतःला सांगते. ती पंधरा वर्षांची मी उलट विचारते, मग दर वेळी त्या गाण्यापाशी श्वास का रोखतेस? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हाला काय देणार?

आणि खरं सांगू? गेल्या महिन्यात ट्रेनमध्ये ते गाणं नीट कान देऊन ऐकलं. ठीकठाकच आहे. सतार बरीचशी रंगापुरती आहे. बाबा अजूनही पाहुण्यांना सांगतात की त्या न्यूकॅसलच्या पोरांनी तबला काय छान घेतलाय. मी चहा आणायला आत जाते.