डेल्फ्टचे कालवे आणि गेजची पट्टी

शनिवार, 28 जून 2025. डेल्फ्ट, नेदरलँड्स.

रात्रीचे साडेनऊ होत आले तरी खिडकीबाहेर लख्ख उजेड आहे. लेकीकडे येऊन आज बारा दिवस झाले, पण अजून या उजेडाची सवय होत नाही. जेवणं उरकली. ही आणि लेक आतल्या खोलीत गावाकडच्यांशी फोनवर बोलतायत. माउलींची पालखी एक-दोन दिवसांत आमच्या माळशिरस तालुक्यात शिरेल. दरवर्षी नातेपुत्याच्या तळावर पाणी वाटायला आम्ही दोघं असतो. यंदा ते चुकणार, आणि ही रुखरुख सकाळपासून मनाला लागून आहे.

आज होडीतून डेल्फ्टचे कालवे पाहिले. उद्यावर टाकलं तर निम्मं निसटून जाईल म्हणून आताच लिहायला बसलो.

मी 34 वर्षं कालव्यावर काढली. मोजणीदार म्हणून लागलो, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. काल लेक म्हणाली, "आप्पा, उद्या तुम्हाला कालव्यात फिरवून आणते," तेव्हापासून मी वाट पाहत होतो. आमच्या कालव्यावर कधी कुणी नावेत बसून हिंडल्याचं मला आठवत नाही. तिथे पोरं उन्हाळी आवर्तनात पुलावरून उड्या मारतात, बाया धुणं आणतात, आणि आमच्यासारखे भराव्यावरून सायकल रेटत गेज, म्हणजे पाण्याची उंची दाखवणारी पट्टी, वाचत जातात.

होडी कोर्नमार्क्ट नावाच्या कालव्यावरून सुटते. नावाचा अर्थ धान्यबाजार. होडी उघडी, सपाट बुडाची, बाकांवर तीसेक माणसं. चालवणारी मुलगी पंचविशीची असेल. एका हाताने सुकाणू धरून ती आधी डच, मग इंग्रजी असं सांगत होती, आणि पूल आला की हात खाली करून सगळ्यांना वाकायला लावत होती. पूल खरोखरच इतके बुटके आहेत की हिने दोन्ही हात डोक्यावर धरले. कमानीखाली गेलं की एकदम गारवा, ओल्या विटांचा वास, आणि पाण्यावरून उसळलेला उजेड वरच्या विटांवर जाळीसारखा हलत राहतो. दुसऱ्या बाजूला बाहेर आलं की पुन्हा ऊन, सायकली, आणि काठावर जुन्या वस्तूंचा शनिवारचा बाजार. पितळेचे दिवे, निळ्या नक्षीच्या बशा, घड्याळं.

पहिल्या वळणावरच तिने सांगितलं, या गावाच्या नावाचा अर्थच 'खणलेलं' असा आहे. डच भाषेत डेल्व्हन म्हणजे खणणे. आम्ही ज्या आउडे डेल्फ्ट कालव्याकडे वळत होतो, तो साधारण 1100 च्या सुमारास खणला, आणि त्याच्या काठावर वस्ती झाली. आधी कालवा, मग गाव. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्याकडेही कालव्याने गावं वसवली आहेत. नीरेचा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला आणि त्या पट्ट्याचा नकाशाच बदलला.

पण इथला कालवा खणायचं कारण नेमकं उलटं. हा सगळा मुलूख दलदलीचा, पायाखाली कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, पीट. त्यात पाणी इतकं की पीक उभं राहीना. म्हणून चर खणून पाणी बाहेर काढलं. पाणी निघालं तशी ती माती सुकली, हवेने झिजत गेली आणि खाली बसली. जमीन खचली की पुन्हा पाणी साचणार, मग आणखी उपसा, मग जमीन आणखी खाली. आठ-नऊशे वर्षं हे चाललंय. उताराने पाणी वाहून जायचे दिवस कधीच संपले. मग पवनचक्क्या आल्या, मग वाफेचे पंप, आता विजेचे. पोल्डर म्हणतात त्या खोल जमिनींतलं पाणी पंपाने उचलून कालव्यात टाकायचं, आणि कालव्यातलं पुन्हा पंपाने नदीत नाहीतर समुद्रात. या देशातली सर्वांत खोल जमीन समुद्रसपाटीपेक्षा पावणेसात मीटर खाली आहे. आपल्या दुमजली घराच्या गच्चीवर समुद्र ठेवावा, तसं.

आम्ही पाणी आणायला खणतो, हे घालवायला खणतात. आमच्या कालव्याचा जीव उतारात असतो. किलोमीटरमागे किती इंच उतार दिला यावर शेवटच्या चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या फाट्याला, पाणी पोचणार की नाही ते ठरतं. इथे उतारच नाही. पाणी आरशासारखं सपाट.

आउडे डेल्फ्टवर एक जुनी दगडी इमारत आहे, दर्शनी भिंतीवर रंगवलेली कुलचिन्हं. होडी तिथे हळू झाली. 1505 च्या सुमारास बांधलेलं घर, 1536 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला तेव्हाही वाचलेलं. 1645 पासून ते डेल्फलँडच्या, म्हणजे या परिसराच्या, पाण्याचा कारभार पाहणाऱ्या पाणी मंडळाकडे आहे. चालवणाऱ्या मुलीने दोन वाक्यांत उरकलं आणि लोकांनी फोटो काढले. मी मात्र तिथेच अडकलो. लेकीने इथल्या आयएचई या पाणी शिक्षणाच्या संस्थेत दोन वर्षं काढलीत, तिला ही सगळी माहिती पाठ. मी विचारत गेलो, ती सांगत गेली.

हे पाणी मंडळ 1289 चं. तिने वर्ष सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माउलींनी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली ती शके 1212 मध्ये, म्हणजे 1290. तिकडे पैसाच्या खांबाला टेकून माउली बोलत होते त्याच्या आदल्या वर्षी, इकडे चिखलात उभे राहून शेतकरी पाण्याचा कारभार कुणी पाहायचा ते ठरवत होते. ते मंडळ अजून चालू आहे. अशी 21 मंडळं आज देशभर आहेत. त्यांची वेगळी निवडणूक होते, ती स्वतःची पट्टी बसवतात, आणि ती पट्टी घरटी सगळ्यांना भरावी लागते, शेत असो वा नसो. लेकीलाही येते. मार्च 2023 च्या निवडणुकीत तिने मतदानही केलं. परक्या देशाची नागरिक, पण इथे राहण्याचा परवाना आहे एवढ्यावर पाण्याच्या मंडळाला मत देता येतं. पाणी आलं तर ते कुणाचा पासपोर्ट पाहून घरात शिरणार नाही, असं ती म्हणाली, आणि मला ते मनोमन पटलं.

मग तिने फावड्याचा कायदा सांगितला. पूर्वी ज्याच्या शेताला लागून बांध, त्यानेच तो राखायचा. ज्याला ते झेपेना त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि घरदार सोडून निघून जायचं. जो ते फावडं उपसेल, त्याची ती जमीन आणि त्याच्यावर तो बांध. किती कठोर! पण एकाने कुचराई केली तर बुडणार सगळे, हे त्यांना कळलं होतं.

मला धुळ्याकडची फड पद्धत आठवली. प्रशिक्षणाच्या वेळी पांझरेकाठी नेऊन दाखवली होती. नदीवर बंधारा, त्याचा पाट, आणि पाटाखालच्या शेतीचे फड. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते गावाने मिळून ठरवायचं, पाटकरी गावाने नेमायचा, पाण्याची पाळी चुकवायची नाही. तीनशे-चारशे वर्षं लोकांनी ते चालवलं. हे शहाणपण आपल्या मातीतही होतं. आहे. ते इतकं थोड्या जागी उरलं याचं मला वाईट वाटतं.

पुढे एका पुलाखाली, विटांच्या कपारीला लागून, एक पक्षी घरट्यावर बसला होता. काळाभोर, आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. हिने माझा दंड दाबला. "अहो, वारकरी!" खरंच वारकरी होता. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर यांचे थवेच्या थवे असतात, आणि त्या टिळ्यामुळेच आपल्याकडे त्याला हे नाव. घरटं काटक्यांचं, मध्ये मध्ये चॉकलेटचे कागद, एक निळी दोरी, प्लास्टिकचा चमचा. खाली तीन पिल्लं, लाल डोक्याची, केस विस्कटलेली. होडी हातभर अंतरावरून गेली तरी तो हलला नाही. हिने हात जोडले. नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला समजलं.

आउडे केर्क, म्हणजे जुनं चर्च. त्याचा 75 मीटरचा मनोरा कालव्यावर चांगलाच कललाय, दोनेक मीटर. मनोऱ्याला जागा पुरेना म्हणून 14 व्या शतकात कालवा सरकवला आणि बुजवलेल्या भागावर पाया घेतला. भरावावर बांधकाम केल्यावर दुसरं काय होणार? कोणत्याही ओव्हरसिअरने सांगितलं असतं. याच चर्चमध्ये चित्रकार व्हर्मेर पुरलेला आहे, होडीतले बहुतेक लोक त्याच्यासाठीच माना उंचावत होते. मला ओढ होती ती तिथेच पुरलेल्या दुसऱ्या माणसाची. आंतोनी फान लेव्हनहूक. कापडाचा व्यापारी, शिवाय परीक्षा देऊन झालेला भूमापक, आणि पुढे गावात येणाऱ्या दारूच्या पिंपांची मापं तपासणारा. म्हणजे मोजणीदारच! त्याने घरी भिंगं घासून केली आणि 1674 मध्ये जवळच्या एका तळ्यातलं गढूळ पाणी त्यातून पाहिलं. त्यात जीव वळवळत होते. तोवर माणसाने ते पाहिलेच नव्हते. मी आयुष्यभर पाणी मोजलं, किती क्युसेक, किती दिवस. त्या पाण्याच्या थेंबात डोकावणारा माणूस माझ्याच धंद्यातला निघाला याचा मला फार आनंद झाला.

परतीच्या वाटेवर एका पुलाच्या बाजूला मला ती दिसली. गेजची पट्टी. पांढरी, एनॅमलची, काळे आकडे, कडेला थोडं शेवाळ. मी इतका पुढे वाकलो की लेकीने सदरा धरला. आकडे उलटे होते. आमच्या पट्टीवर आकडे वर चढत जातात, इथे खाली जाताना वाढतात, कारण शून्य पाण्याच्या वर आहे. शून्य म्हणजे ढोबळमानाने समुद्राची पातळी. होडीत बसलेलो आम्ही समुद्राच्या खाली होतो. पाणी उणे 0.43 मीटरवर होतं. लेक म्हणाली, इथल्या कालव्यांना जवळपास याच पातळीवर ठेवायचं ठरलेलं आहे. जास्त पाऊस आला तर पंप वाढवतात, कोरडं पडलं तर बाहेरून पाणी आत घेतात. दोन-चार सेंटीमीटर इकडे तिकडे झालं तरी कुणीतरी बघतं.

तिथे मला टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, बाबा आठवले. 2003 चा दुष्काळ. माथ्याला, कालव्याच्या सुरुवातीला, गेज पुरेपूर दाखवत होती, मी स्वतः वाचून वहीत लिहिली होती. शेवटच्या चारीला मात्र टिपूस नाही. मध्ये कुणी कुणी रात्रीत दारं फोडली ते सांगून आता उपयोग नाही. ते म्हातारबाबा चारीच्या तोंडाशी तीन रात्री कंदील घेऊन बसले होते, पाणी आलं तर बारं, आपली पाण्याची पाळी, चुकू नये म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो तर म्हणाले, "साहेब, तुमच्या वहीत पाणी आलं का?" मला उत्तर देता आलं नाही. चारीच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि त्यात त्यांनी विडीची थोटकं नीट उभी रोवून ठेवली होती, एका रात्रीची एक ओळ.

इथे माथा नाही आणि टेल नाही. चर्चपाशी उणे 0.43, कोर्नमार्क्टपाशी तेवढंच. मी होडीतून उतरलो तेव्हा डोळे भरून आले होते. हिने विचारलं, काय झालं, तर सांगता येईना.

संध्याकाळी लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली. डेल्फ्टच्या उत्तरेला यीस्टचा जुना कारखाना आहे. थंडाव्यासाठी तो शंभर वर्षं जमिनीतलं पाणी उपसत होता. पुढे त्यांना त्याची गरज उरली नाही, तर उपसा एकदम थांबवता येईना. भूजल वर येऊन तळघरं भरतील, जमीन फुगेल. म्हणून सरकारी खर्चाने उपसा चालू ठेवला आणि हळूहळू कमी करतायत. आमच्याकडे सहाशे फुटांवर बोअर कोरडी जाते आणि माणूस कर्जात जातो. ही गोष्ट मी गावी कुणाला सांगितली तर विश्वास बसेल का, कोण जाणे.

जेवायच्या आधी मी एकटाच त्या पुलापर्यंत चालत गेलो. बाजार उठला होता, काठावर दोन मुलं पाय सोडून बसली होती. निवृत्त झाल्यापासून वहीत गेज लिहिलेली नाही. आज लिहितो.

सकाळी 11.20, उणे 0.43.
संध्याकाळी 7.50, उणे 0.43.
वारकरी घरट्यावर.