शुगर उतरत नाही? हिरड्या कुणी बघितल्या का?

पंचवटीत दिंडोरी रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते मी. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची रांग लागते, त्यात बरेचसे शुगरवाले. त्यांच्या फायली माझ्या हातात येतात. डोळ्याचा पडदा तपासला, लघवीतलं प्रोटीन झालं, क्रिएटिनिन झालं, पायांची संवेदना बघितली, सगळं लिहिलेलं असतं. तोंडाबद्दल मात्र बहुतेक फायलींत एक ओळ नसते. १९९३ साली हॅरल्ड लोए या नॉर्वेच्या दंतसंशोधकाने हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हटलं होतं. डोळे, किडनी, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाचांनंतरची. पहिल्या पाचांची धास्ती सगळ्यांना आहे, सहावीचं नाव कुणी काढत नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आत्यामुळे. तिची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, नऊच्या खाली यायला तयार नव्हती. गोड बंद, भात अर्धा, संध्याकाळी गंगेवर चक्कर. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) तिच्या खालच्या पुढच्या दातांची मुळं दिसायला लागली होती आणि दोन दाढा हलत होत्या. विचारलं तर म्हणाली, “अगं, वय झालं की दात हलणारच. आणि मी मिश्री लावते की रोज.”

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती दात राखते हा समज आमच्याकडच्या बायकांत इतका मुरलाय की वाद घालून उपयोग नाही. तंबाखूने हिरड्या आणखी खाली सरकतात, तोंडाच्या कॅन्सरची भीती ती वेगळीच. बिडी-सिगारेटवाल्यांचं तर आणखी अवघड. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे त्यांच्या हिरड्यांतून रक्तच कमी येतं आणि आजार आत वाढत असताना बाहेर सगळं ठीक दिसतं.

आत्याला मी आमच्या इथल्या केबीएच डेंटल कॉलेजात नेलं. शिकाऊ डॉक्टर आधी बघतात, मग मोठे डॉक्टर, त्यामुळे वेळ काढून जावं लागतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे घालून ती पोरगी आकडे सांगत होती आणि दुसरी लिहून घेत होती. निरोगी हिरडीत ही सळई एक ते तीन मिलिमीटर जाते. चारच्या पुढे गेली की ते पॉकेट समजायचं. आत्याच्या दाढांपाशी सहा-सात ऐकू आलं.

त्या पॉकेटांत काय चालतं ते मी घरी येऊन वाचून काढलं. दातावर जमणारा चिकट थर म्हणजे जंतूंची वस्तीच. तो निघाला नाही तर कडक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो, आणि मग ब्रशने काही होत नाही. हिरडी सुजते, दातापासून सुटते, जंतू खाली उतरतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, यालाच पायोरिया म्हणतात. झिजलेलं हाड सहसा आपणहून भरून येत नाही. बऱ्यापैकी पसरलेल्या पायोरियात आतल्या सुजलेल्या भागाचा अंदाज ८ ते २० चौरस सेंटीमीटर इतका दिलेला आहे. तेवढी जखम पायाला असती तर आत्या दुसऱ्याच दिवशी ड्रेसिंगला गेली असती.

या सुजेतून निघणारी रसायनं रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनचं काम अडवतात, म्हणजे शुगर वाढते. वाढलेल्या शुगरने पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, म्हणजे हिरड्या बिघडतात. दोन्ही एकमेकांना पोसतात. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी साधारण ०.४ ने उतरतं, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून दिसलंय. आकडा छोटा वाटेल, पण रोज हे रिपोर्ट बघणाऱ्या मला तो छोटा वाटत नाही. गोळ्या अर्थात चालूच ठेवायच्या.

हृदयाचं मात्र व्हॉट्सॲपवर फिरतं तसं नाही. ‘दात साफ करा, अटॅक टाळा’ हे कुणी सिद्ध केलेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळं तपासून सांगितलं की दोन्ही आजारांचा संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरा होतो असा पुरावा नाही. ज्यांची झडप बदललेली आहे त्यांनी मात्र दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगायलाच हवं. हिरडीतून रक्तात गेलेले जंतू त्या झडपेवर बसू शकतात, म्हणून आधी अँटिबायोटिक देतात.

सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते, हे लोएनेच १९६५ साली दाखवलं होतं. निरोगी हिरड्यांच्या काही जणांना त्याने दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. ब्रश करताना रक्त येतं म्हणून तो भाग घासायचाच सोडणारी माणसं मला लॅबमध्ये रोज भेटतात. तिथेच तर हळू हाताने, मऊ ब्रशने घासायचं असतं.

आत्याची खोल सफाई भूल देऊन दोन-तीन वेळांत झाली. “साफ केले की दात सैल होतात,” हे शेजारणींनी तिला ऐकवलंच. कीटण निघाल्यावर दातांत फट जाणवते आणि थंड पाणी झोंबतं, त्यावरून हा समज झाला असावा. तिची एक दाढ काढावी लागली, दुसरी टिकली. पुढचा रिपोर्ट आठच्या आसपास आला. मधल्या काळात डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं हे मी सांगू शकत नाही. मिश्री सकाळची सुटली, दुपारची चालू आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय. यावेळची तारीख पितृपक्षात आली म्हणून तिने ती परस्पर फोन करून पुढे ढकलली.