भोकाचा पैसा आणि युद्धाची कमाई

आजीच्या पितळी डब्यात जुन्या नाण्यांबरोबर एक भोकाचा पैसा होता. 1943 साली निघालेले हे नाणे मधोमध कोरलेले आहे, कारण युद्धामुळे धातूची टंचाई होती आणि प्रत्येक पैशामागे थोडे तांबे वाचवायचे होते. लहानपणी मी त्या भोकात करंगळी घालून बसत असे. युद्धाने देशाची भरभराट होते, असे कोणी ठामपणे सांगू लागले की मला हटकून तो पैसा आठवतो.

वरवर पाहिले तर दुसऱ्या महायुद्धाने भारताला संपन्न केले, असे वाटू शकते. पंचवीस लाखांहून अधिक माणसे सैन्यात गेली, जपानी कापडाची स्पर्धा 1941 मध्ये संपली, लष्कराला खाकी कापड पुरवण्यासाठी मुंबईच्या गिरण्या जादा पाळ्यांत चालल्या आणि गिरणीमालकांनी अमाप नफा कमावला. युद्धापूर्वी ब्रिटनचा ऋणको असलेला हा देश 1945 पर्यंत धनको झाला आणि लंडनमध्ये त्याच्या खात्यावर सुमारे 130 कोटी पौंड साठले.

ही शिल्लक साठली कशी, हे पाहिले की चित्र बदलते. 1939 च्या खर्चवाटणीच्या करारानुसार युद्धखर्चातला आपला वाटा ब्रिटन लंडनमध्ये पौंडांत जमा करी आणि त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढी. युद्धाच्या सुरुवातीला सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. 1945 अखेर हा आकडा 1,100 कोटींच्या वर गेला होता. कापड, धान्य, लाकूड हे सारे लष्कराकडे गेले आणि बाजारात उरल्या त्या नोटा. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद होणे, सरकारने नावा काढून घेणे, प्रशासनाची बेपर्वाई अशी त्याची कारणे अनेक होती. पण ज्यांची मजुरी भावाबरोबर वाढली नाही, त्या शेतमजुरांच्या आणि कोळ्यांच्या तोंडचा घास या महागाईने काढून घेतला, हे विसरता येत नाही.

गिरण्यांच्या नफ्याकडेही जरा जवळून पाहायला हवे. रात्रंदिवस चालणारे माग झिजत होते आणि नवी यंत्रे बाहेरून येत नव्हती. वहीत नफा म्हणून दिसणाऱ्या रकमेचा काही भाग खरे तर त्या झिजेची किंमत होता.

युद्धातून काहीच उभे राहिले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला आणि तो पुढे देशाच्या कामी आला. परंतु तो टिकला तो यंत्रज्ञान आणि कुशल कामगार यांच्या बळावर, आणि परकीय सरकारने मनावर घेतले असते तर असे कारखाने शांततेच्या काळातही उभे राहू शकले असते. संरक्षणावरचा खर्च आवश्यक असतो, हे मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप त्याला कमाई म्हणण्याला आहे. कुलुपासाठी मोजलेले पैसे आपण घराच्या उत्पन्नात धरत नाही.

लंडनमधल्या त्या शिल्लकेचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवण्यासाठी भरलेल्या 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते सदस्य असलेल्या भारतीय शिष्टमंडळाने या रकमेचा प्रश्न नेटाने मांडला, पण ब्रिटनने तो परिषदेबाहेर ठेवला. स्वातंत्र्यानंतर, 1948 च्या करारात, तिच्यातला मोठा हिस्सा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनापोटी आणि इथे मागे राहिलेल्या लष्करी सामानापोटी वळता झाला. 1949 च्या सप्टेंबरात पौंडाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्या रकमेचे डॉलरमधले मोल एका दिवसात तीस टक्क्यांनी घटले. त्या शिल्लकेतला बराच पैसा परदेशातून धान्य आणण्यात गेला.