आधी माप घ्या, मग पिस्तूल जमा करा

इंग्रजी आठ आणि मराठी चार घाईत लिहिले की सारखेच दिसतात. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून कळलं आणि त्यापायी सहा हेलपाटे झाले. लिहायचं होतं ते खरं तर घरातल्या पिस्तुलाला लेझर लावावा की दिवा, याबद्दल. तेही लिहितो. पण लिहायला बसलं की आधी तो बाकच आठवतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि मागच्या अंगाला घर. पगाराच्या आदल्या रात्री घरात रोकड असते. परवाना २०२१ साली मिळाला, कागद नीट होते, काम झालं. पिस्तूल आपल्याच सरकारी कारखान्यातलं, .३२ बोअरचं. ९ मिमी निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, ते आपल्यासारख्याला मिळत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या ओळीतली दोन घरं एकाच रात्री फुटली आणि आमच्या धाकट्या भावाने डोक्यात घातलं, "दादा, पिस्तुलाला लेझर बसवून घे. लाल ठिपका बघितला की चोर पळतोय."

मग महिनाभर मी रात्री जागून हेच वाचत बसलो. पहिली अडचण अशी की दिवा किंवा लेझर बसवायला पिस्तुलाच्या नळीखाली खाचांची पट्टी लागते, तिला रेल म्हणतात. अमेरिकी लष्कराने तिचं माप १९९५ साली ठरवून दिलं आणि बाजारातल्या बहुतेक वस्तू त्याच मापाच्या आसपास बनतात. माझ्या पिस्तुलाला ती नाही. .३२ चं काडतूस ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास काढलेलं, माझ्या पिस्तुलाची ठेवणही त्याच जुन्या वळणाची. तेव्हा कुणी पिस्तुलाला कंदील टांगत नव्हतं. भाऊ म्हणाला, एमआयडीसीत ड्रिल मारून पट्टी बसवू. अजिबात नको. परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल करणं शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि लेथवाल्या पोराकडे कसला आलाय परवाना. तोही आत जाईल, तुम्हीही.

राहिला तो ट्रिगरच्या कडीला चिमट्यासारखा अडकवायचा प्रकार. त्याला कडीची रुंदी लागते, मिलिमीटरमध्ये. आज मोजू, उद्या मोजू करत राहिलो. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, पाठोपाठ निवडणूक होईपर्यंत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली आणि महिनाअखेरीस पिस्तूल ठाण्यात जमा झालं. माप राहिलंच.

एप्रिलमध्ये अंदाजाने मागवला. दिवा आणि लेझर एकत्र असलेला चिमटा, वर्णनात "सर्व पिस्तुलांसाठी" असं लिहिलेलं. परत करायची मुदत दहा दिवस. वस्तू घरात आणि पिस्तूल ठाण्यात, बसवून बघणार कशावर? शेवटी मिलिमीटरचं माप घ्यायचा व्हर्नियर खिशात घालून ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांना म्हटलं, "साहेब, तुमच्यासमोर फक्त माप घेतो. दोन मिनिटं."

ते हसून म्हणाले, "काय मालक, पिस्तूल काय शिलाईला टाकलंय का ओ?"

दहा दिवस गेले, मुदत संपली.

४ जूनला निकाल लागला. निकालानंतर आठवड्याभरात शस्त्र परत मिळतं, असं मला सांगितलं होतं. म्हणून १२ जूनला गेलो. शस्त्र परत देण्याचा आदेश आला नव्हता. २० जूनला गेलो, आदेश आला होता. मूळ परवाना दाखवला, पावती दाखवली. मुद्देमाल कारकुनाने कपाटातून पिस्तूल काढलं, रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं आणि पिस्तूल परत कपाटात ठेवलं.

"हे तुमचं नाही."

"माझंच आहे. मुठीवरचा ओरखडासुद्धा माझाच आहे."

"नंबर जुळत नाही."

झालं होतं असं. मार्चमध्ये ज्याने पावती फाडली त्याने पिस्तुलावरचा नंबर पाहून इंग्रजी आकड्यात लिहिला, त्यात एक आठ. पुढे पावतीवरून रजिस्टरमध्ये उतरवताना दुसऱ्या कुणीतरी सगळे आकडे मराठीत घेतले आणि त्या आठाला चार समजला. म्हणजे पिस्तुलावर आठ, परवान्यावर आठ, पावतीवर आठ आणि रजिस्टरमध्ये चार. पिस्तूल आणि दोन कागद एका बाजूला आणि रजिस्टर एका बाजूला. जिंकलं रजिस्टर. मी म्हटलं, "साहेब, मग चार नंबरवालं पिस्तूल आहे का तुमच्याकडे? ते दाखवा." म्हणाले, "तेच तर शोधावं लागेल ना." मला हसावं की रडावं कळेना.

रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची तर वरिष्ठांची सही पाहिजे, सहीसाठी माझा अर्ज पाहिजे, अर्जाला परवान्याची आणि पावतीची झेरॉक्स पाहिजे. २४ जूनला हे सगळं घेऊन गेलो तर वरिष्ठ कोर्टात. अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर कारकुनाने असं बघितलं की मी त्यांच्याकडे हुंडाच मागितला. तरी घेतली. पोच घ्याच. तोंडी "ठेवा, होऊन जाईल" याला पुढच्या खेपेला कुणी ओळखत नाही.

१ जुलैला गेलो आणि माझी अक्कल बघा, नेमका तोच दिवस. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता त्या दिवसापासून लागू झाली. टेबलाटेबलावर नवीन पुस्तकं, चोरीचं कलम आता कुठलं, मारहाणीचं कुठलं, एकमेकांना विचारणं चाललेलं. माझ्या आठाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दोन तास बसलो. बाकावर पडलेलं पुस्तक चाळलं, स्वसंरक्षणाची कलमं शोधली. पूर्वी ९६ ते १०६ होती, आता ३४ ते ४४. धोका जेवढा तेवढंच बळ, हे जुनंच आहे. पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी घातली तर हे कलम माझ्या बाजूने उभं राहणार नाही, एवढं मला समजलं. त्या दोन तासांचं तेवढंच फळ.

८ जुलैला सही झाली होती. खरंच झाली होती, मी डोळ्यांनी पाहिली. पण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते कारकून पंढरपूरला वारीच्या बंदोबस्ताला. १७ जुलैला आषाढी एकादशी. आता विठोबाच्या बंदोबस्तावर गेलेल्या माणसाबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करायची? घरी येऊन शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाल्ली आणि झोपलो. २२ जुलैला, सहाव्या खेपेला, पिस्तूल हातात आलं. स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, गंजाचे चार ठिपके होते. जमा करताना तेलाचा हात फिरवा, पावसाळा मध्ये येणार असेल तर नक्कीच. आणि देण्याआधी नंबराचा फोटो काढून ठेवा, काडतुसं किती दिली ते पावतीवर लिहून घ्या.

घरी आलो, मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं असल्याचं दोनदा बघितलं आणि तो एप्रिलपासून खोक्यात पडलेला चिमटा बसवला. बसला नाही. कडीला ढिला, डुलत होता. मध्ये रबराची पट्टी घालून घट्ट केला तर स्क्रू घासायला लागला.

पण बसला असता तरी मी काढूनच टाकला असता, आणि यात माझा राग बाजूला ठेवून सांगतो. कडीला अडकवल्यामुळे त्याचं बटण ट्रिगरच्या बोटापासून दोन बोटांवर येतं. रात्री दोन वाजता, हात थरथरत असताना, दिवा लावायला गेलेलं बोट कुठे जाईल याची खात्री मी देणार नाही. लेझरचं दुसरंच. तो नळीच्या चारेक सेंटिमीटर खाली असतो. पाच मीटरवर ठिपका आणि गोळी जुळवली तर एका मीटरवर गोळी ठिपक्याच्या तीनेक सेंटिमीटर वर लागणार. जुळवायचं तर परवाना असलेल्या रेंजवर काडतुसं उडवावी लागतात, आणि काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात. त्यातून असले लेझर बहुतेक एअरगनसाठी बनवलेले, खऱ्या पिस्तुलाच्या धक्क्याने चार गोळ्यांत जुळणी हलते. आमचा हॉल अठरा फुटांचा. अठरा फुटांवर ठिपका कशाला लागतो?

हिरवा घ्यावा की लाल, हे भाऊ अजून विचारतो. हिरवा डोळ्याला जास्त उठून दिसतो, कारण आपला डोळा त्याच रंगाच्या आसपास सर्वांत तेज असतो, ५५५ नॅनोमीटरला. लाल साधारण ६५० चा, तेवढ्याच ताकदीत फिका. पण दोन्ही रंग डोळ्यांना घातक. घरात आरसा आहे, कपाटाची काच आहे, टीव्ही आहे, किरण परत फिरतो. स्वस्त लेझरवर ५ मिलिवॅट लिहिलेलं असतं आणि बाहेर त्याहून कितीतरी जास्त पडतं, असंही होतं.

माझा निर्णय मात्र या हिशोबांनी झाला नाही, तो नळाच्या पाण्याने झाला. सोलापूरकरांना सांगायला नको, तेव्हा आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी यायचं आणि कधी येईल याचा नेम नसायचा. मे महिन्यात एका रात्री साडेतीनला मागच्या अंगणात बादली आपटल्याचा आवाज झाला. पिस्तूल ठाण्यात, हातात फक्त टॉर्च. दार उघडून टॉर्च मारला तर हौदाजवळ पुतण्या, अंगात बनियन, तोंडात ब्रश. म्हणाला, "काका, पाणी आलंय की ओ, आज्जीने उठवलं." आता हाच दिवा पिस्तुलाखाली लावलेला असता तर मी जिकडे उजेड पाडला तिकडेच नळी असती. पोरगं हसत होतं, मला दारात बसावं लागलं. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही.

शेजारी निवृत्त सुभेदार काका राहतात. त्यांना एवढंच सांगितलं की लेझर काढला. ते म्हणाले, "ठिपका सांगतोय नळी कुठं आहे. समोर कोण आहे ते दिवा सांगतोय."

म्हणून दिवा वेगळा, डाव्या हातात. तोही पहिल्याच झटक्यात नीट मिळाला नाही. आधी हजार लुमेनचा आणला. झोपायच्या खोलीत लावला तर पांढऱ्या डिस्टेंपरवरून उजेड परत येऊन माझेच डोळे दिपले. लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो झोतात किती एकवटलाय ते कँडेलात मोजतात. शेतावर लांब बघायचं तर कँडेला जास्त पाहिजे, घरात तीनेकशे लुमेन मला पुरतात. अंधारात डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका झगमगाटाने जातो. तुमचाही जातो, फक्त चोराचा नाही.

दुसरं म्हणजे बटण. मागच्या टोकाला हवं, दाबलं की लागणारं आणि सोडलं की विझणारं. बाजारातल्या बहुतेक टॉर्चना एका बटणात पाच खेळ असतात. एकदा दाबलं की मोठा, दोनदा दाबलं की मंद, तिसऱ्यांदा लुकलुक. घाबरलेला माणूस तीनदा दाबतो आणि घरात गड्ड्याच्या जत्रेची रोषणाई सुरू होते. दुकानात उभं राहून स्वतः दाबून बघा, दुकानदार कंटाळला तरी.

सेल कुठले लागतात तेही आधी विचारा. माझ्या पहिल्या टॉर्चला सीआर१२३ए लागायचे, तीन व्होल्टचे लिथियम. पाच दुकानांत मिळाले नाहीत. शेवटी एका जुन्या फोटो स्टुडिओत मिळाले, कारण रोलच्या कॅमेऱ्यांना तेच लागायचे. आताच्या टॉर्चला साधे पेन्सिल सेल चालतात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही आहेत. अल्कलाइन सेल महिनोन्महिने आत ठेवले की पाझरतात, म्हणून दर दोन महिन्यांनी बदलतो. लिथियमवाला टॉर्च एप्रिल-मेमध्ये गाडीत ठेवू नका. आपल्याकडचं ऊन माहीत आहे, बंद गाडीत काय होत असेल विचार करा.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परत नोटीस. या वेळी मी कारकुनाच्या शेजारी उभा राहिलो आणि नंबर मोठ्याने वाचला, एकेक आकडा, आठ आला तेव्हा "आठ, इंग्रजी आठ" असं दोनदा. त्याने वर बघितलं. "आठवतंय मालक, आठवतंय," म्हणाला. रजिस्टरमध्ये त्याने आठ हा शब्द अक्षरी लिहिला. मी त्याचाही फोटो काढला.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला, ५ डिसेंबरला पिस्तूल घरी आलं, एका खेपेत. चिमट्याचं खोकं अजून कपाटावर आहे. कुणाच्या एअरगनला बसत असेल तर घेऊन जा, पण येताना माप घेऊन या.